आखलेली वाट आणि मोकळा उतार

मराठीत डोंगरांवर जे लिहिलं गेलं आहे, ते जवळजवळ सगळं चढाबद्दल आहे. किल्ल्यांच्या वाटा, सुळक्यांवरच्या चढाया, हिमालयातल्या मोहिमा. शिखर गाठलं की लेख संपत येतो आणि उतरणं दोन ओळींत उरकलं जातं. स्कीइंगमध्ये हा उरकलेला भागच मुख्य असतो. वर नेण्याचं काम बहुतेक वेळा तारेवर लटकलेली खुर्ची किंवा केबिन करते. माणसाचं कसब, ताकद आणि भीती सगळी उतरताना पणाला लागते. या विषयावर मराठीत सलग काही वाचायला मिळावं, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. म्हणून ही प्रस्तावना लिहिताना आनंद होतो आहे. थोडी काळजीही वाटते आहे. तिचं कारण पुढे येईलच.

पुढच्या प्रकरणांत उताराचे दोन प्रकार येतात. एक आखलेला, ज्याला युरोपातले स्कीवाले पीस्ट म्हणतात. दुसरा मोकळा, म्हणजे ऑफ-पीस्ट. नवख्याला वाटतं की पहिला दाबलेल्या बर्फाचा आणि दुसरा भुसभुशीत बर्फाचा, एवढाच काय तो फरक. माझ्या मते खरा फरक जबाबदारीचा आहे. पीस्टवर कुणीतरी रात्री बर्फ सारखा केलेला असतो, सकाळी वरचे कडे तपासलेले असतात, कडेला खांब रोवलेले असतात, आणि संध्याकाळी शेवटचा माणूस खाली गेला ना, हे पाहून वाट बंद केलेली असते. तुम्ही पडलात तर स्ट्रेचर घेऊन कुणी येणार असतं. हद्दीच्या दोरीच्या पलीकडे यातलं काहीच नसतं. तिथे ही सगळी कामं तुमची आणि तुमच्या दोन-तीन सोबत्यांची. हे एकदा नीट कळलं की पुस्तकातली तांत्रिक माहिती आपोआप जागच्या जागी बसते.

आज आपल्याला पीस्ट ही स्कीइंगची मूळ अवस्था वाटते आणि ऑफ-पीस्ट तिला फुटलेला धाडसी फाटा. इतिहास उलटा आहे. 11 जानेवारी 1911 रोजी स्वित्झर्लंडमधल्या मोंताना इथे उताराची एक शर्यत झाली. प्लेन मोर्त हिमनदीवरून सुटायचं आणि खाली गावात पोहोचायचं. वाट आखलेली नव्हती, बर्फ कुणी दाबलेला नव्हता, आणि स्पर्धक स्वतःच्या पायांनी वर चढून गेले होते. चषकाला नाव होतं ‘रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’. हे लॉर्ड रॉबर्ट्स म्हणजे कानपुरात जन्मलेले आणि 1880 मध्ये काबूलहून कंदाहारवर फौज घेऊन गेलेले ब्रिटिश सेनापती. त्यांच्या पदवीतून कंदाहार हे नाव आल्प्सच्या बर्फात गेलं आणि तिथेच राहिलं. जर्मनीत गार्मिश इथली प्रसिद्ध शर्यतीची वाट आजही कंदाहार म्हणून ओळखली जाते. ज्या लन कुटुंबाच्या पुढाकारातून हे सुरू झालं, त्यातला अर्नोल्ड लन 1888 मध्ये मद्रासला जन्मला. त्याचे वडील तिथे मिशनरी होते. पुढे 1922 मध्ये म्युरेन इथे त्यानं खांबांमधून वळत उतरायच्या आजच्या स्लालम शर्यतीचं रूप ठरवलं. 1928 मध्ये ऑस्ट्रियातल्या सांक्ट आंटोनच्या हानेस श्नायडरबरोबर त्यानं आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू केली. स्कीइंग ही सर्वस्वी परक्या देशांची गोष्ट आहे असं मानणाऱ्यांसाठी मी हे मुद्दाम सांगतो. हिंदुस्थानशी नातं असलेली माणसं या खेळाच्या पायाशीच उभी आहेत.

श्नायडरबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. स्कीइंग शिकवता येतं, पायरीपायरीनं शिकवता येतं, हे त्यानं करून दाखवलं. आधी नांगर, मग अर्धं वळण, मग पूर्ण वळण. ज्याला एक पायरी जमली तोच पुढच्या वर्गात. काश्मीरमधल्या गुलमर्गच्या सपाटीवर आज एखादा प्रशिक्षक नवख्याला स्कीची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवायला सांगतो, तेव्हा तो त्याच परंपरेतलं पहिलं पाऊल शिकवत असतो. 1938 मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या हाती गेला आणि श्नायडर तुरुंगात पडला. सुटका झाल्यावर 1939 मध्ये तो अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला गेला आणि तिथेही त्यानं हेच काम केलं.

आखलेली वाट आली ती लिफ्टमुळे. 1934 मध्ये दाव्होसला माणसाला दांड्याच्या आधारानं उतारावर ओढत नेणारी लिफ्ट बसली. 1936 मध्ये अमेरिकेत आयडाहोतल्या सन व्हॅलीला पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. तिची कल्पना एका रेल्वे-अभियंत्याला जहाजात केळ्यांचे घड चढवणाऱ्या यंत्रावरून सुचली होती. तोवर दिवसभर चढून एकदा, फार तर दोनदा उतरणं व्हायचं. डोंगर एवढा मोठा की दुसऱ्याच्या खुणांवरून जायची वेळच येत नसे. लिफ्ट आल्यावर तोच माणूस दिवसात दहा वेळा उतरू लागला, आणि त्याच्यासारखे शेकडो जण त्याच पट्ट्यावरून. बर्फाचे उंचवटे झाले, खड्डे पडले, माणसं एकमेकांवर आदळू लागली. मग बर्फ दाबणारी यंत्रं आली, खांब आले, रंग आले, नियम आले.

हे रंग नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. युरोपातल्या काही देशांत हिरवी वाट सर्वांत सोपी, मग निळी, मग लाल आणि शेवटी काळी. जर्मनी-ऑस्ट्रियाकडच्या प्रमाणकानुसार निळ्या वाटेचा उतार साधारण 25 टक्क्यांच्या आत, लाल वाटेचा 40 टक्क्यांच्या आत आणि त्यापुढे काळी. हे आकडे टक्क्यांत आहेत, अंशांत नाहीत. 40 टक्के म्हणजे जेमतेम 22 अंश. अमेरिकेत लाल रंगच नाही. तिथे हिरवं वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा. हे दर्जेही त्या त्या डोंगरापुरते ठरवलेले असतात. म्हणून एका ठिकाणी काळ्या वाटेवरून उतरलो, तेव्हा दुसरीकडची काळी वाट सहज जमेल, हा हिशेब चुकीचा आहे. आणखी एक: सकाळी नऊला सोपी असलेली निळी वाट दुपारी चारला, बर्फ घासून काचेसारखा गुळगुळीत झाल्यावर, सकाळच्या लालपेक्षा अवघड होऊ शकते. रंग उताराची तीव्रता सांगतो, त्या तासाच्या बर्फाबद्दल काही सांगत नाही.

सकाळची पहिली केबिन पकडून रात्री सारख्या केलेल्या पीस्टवर एकदा तरी उभं राहावं. यंत्राच्या मागच्या दातेरी रुळानं बर्फ फोडून, ढवळून, पुन्हा बसवलेला असतो. काही तास त्याला हात लागला नाही की फुटलेले कण एकमेकांना चिकटून घट्ट होतात. म्हणून हे काम रात्री करतात. बोटभर रुंदीच्या सरळ समांतर ओळी खालपर्यंत गेलेल्या असतात. त्यांवर स्कीची कड कलती केली की ती बर्फात शिरते, स्की धनुष्यासारखी वाकते आणि वळण आपोआप पूर्ण होतं. मागे वळून पाहावं तर पेन्सिलीनं ओढाव्यात तशा दोन बारीक रेघा दिसतात. धुकं आलं तर कडेच्या खांबांवरून दिशा कळते. फ्रान्समध्ये उतरणाऱ्याच्या उजव्या हाताच्या खांबांची टोकं नारिंगी असतात आणि त्यांवरचे आकडे खाली येताना कमी कमी होत जातात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या दहा नियमांचा गाभाही सरळ आहे. पुढचा आपल्या मर्जीनं वळेल, त्याला सांभाळून घेणं मागच्याचं काम. पीस्टला पोरखेळ समजणारी हवा हल्ली तरुणांत आहे. मला ती मुळीच मान्य नाही. पीस्ट ही माणसानं डोंगरावर केलेली एक अत्यंत विचारपूर्वक रचना आहे, आणि जो तिच्यावर स्वच्छ वळत नाही तो बाहेरही स्वच्छ वळत नाही.

आता गुलमर्ग. पुस्तकाचा मोठा भाग गुलमर्गवर आहे आणि तो असायलाच हवा. उत्तराखंडातल्या औलीचे उतार सुंदर आहेत, हिमाचलमधलं सोलंग शिकायला सोयीचं आहे, पण पीस्ट आणि ऑफ-पीस्ट यांच्यातली रेघ गुलमर्गइतकी ठळक भारतात दुसरीकडे दिसत नाही. 1927 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. डिसेंबर 1948 मध्ये, काश्मीरचं युद्ध चालू असतानाच, जनरल थिमय्या यांच्या डिव्हिजननं इथे स्की स्कूल उभारलं. तेच आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. शेजारच्या टंगमर्गच्या गावांतली मुलं पर्यटकांच्या स्लेज ओढता ओढता स्की शिकली, गाइड झाली. आरिफ खान याच भागातला. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान होतं. 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताकडून उतरलेला तो एकमेव खेळाडू होता. तिथे जायंट स्लालममध्ये तो पंचेचाळिसावा आला.

गुलमर्गचं रूप पालटलं ते गोंडोल्यामुळे, म्हणजे केबलकारमुळे. पहिला टप्पा 1998 मध्ये सुरू झाला. तो सुमारे 2,650 मीटरवरच्या कुरणातून कोंगडूरीपर्यंत नेतो. 2005 मध्ये दुसरा टप्पा आला आणि केबिन थेट अफरवटच्या धारेवर, सुमारे 3,950 मीटरपर्यंत जाऊ लागली. म्हणजे सुमारे 1,300 मीटरची उंची बसल्या बसल्या गाठता येते. युरोपातल्या मोठ्या केंद्रांवर एवढी उंची दिली तर तिच्यासोबत डझनावारी आखलेल्या वाटाही दिलेल्या असतात. अफरवटला तसं नाही. स्की पॅट्रोल मुख्यतः गोंडोल्याखालचा मोठा खोलगट उतार सांभाळतं, गरज पडली की स्फोटकं लावून सैल बर्फ आधीच पाडून घेतं आणि मगच तो भाग खुला करतं. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला, हापत खुदसारख्या घळी आणि खाली द्रंगकडे जाणारी जंगलं, सगळा ऑफ-पीस्ट. दोरीखालून वाकलं की दहा पावलांत माणूस बाहेर. जगभरचे स्कीपटू याच मोकळेपणासाठी इथे येतात. माझ्या काळजीचं कारणही हेच.

मोह का पडतो, हे आधी मोकळेपणानं सांगायला हवं, नाहीतर नुसता धाक घातल्यासारखं होईल. ताज्या बर्फाच्या एका घनमीटरचं वजन कित्येकदा 100 किलोसुद्धा भरत नाही. रुंद स्की त्यात बुडते, दाबली की वर येते, पुन्हा बुडते. पीस्टवर स्कीखाली जो खरखर आवाज असतो तो इथे नाहीसा होतो. वळण पायांनी घेतलं जातं की बर्फानं, हे सांगता येत नाही. छातीपर्यंत उडालेला बर्फ तोंडावर येतो आणि श्वास वळणांच्या मधल्या क्षणी घ्यावा लागतो. ज्यानं हे अनुभवलं, त्याला फक्त पीस्टवर थांबायला सांगणं व्यर्थ आहे. मीही सांगणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की जाण्याआधी पायाखालचं वाचायला शिका.

हे वाचणं सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला समजायला जड नाही. आपल्या डोंगरांच्या कड्यांत लाव्हारसाचे थर एकावर एक बसलेले दिसतात, आणि मधूनमधून लाल मातीचा मऊ पट्टा असतो. पाणी तिथूनच झिरपतं, कडा तिथूनच पोखरला जातो. बर्फाचंही असंच. प्रत्येक वादळाचा एक थर, आणि दोन थरांच्या मध्ये कधी एक कच्चा पट्टा. फरक इतकाच, की सह्याद्रीचं पुस्तक कोट्यवधी वर्षांपूर्वी लिहून झालं आणि बर्फाचं दर आठवड्याला नव्यानं लिहिलं जातं. नाशिकचा द्राक्षबागायतदार ज्या पश्चिमी झंझावाताच्या बातमीनं जानेवारीत धास्तावतो, तशाच झंझावातांतून गुलमर्गच्या पीर पंजाल रांगेवर मीटर-मीटर बर्फ पडतो. त्याआधी, चिल्लाई कलानच्या, म्हणजे काश्मीरच्या ऐन हिवाळ्याच्या कडाक्यात, जमिनीवर पातळसा बर्फ असतो. खालची जमीन तुलनेनं उबदार, वरची हवा गोठवणारी. या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकते आणि खालच्या कणांचे कोरडे, टोकदार, मुठीत वळले न जाणारे दाणे होतात. त्यावर एका रात्रीत जड थर पडला, वाऱ्यानं तो घट्ट केला, की सापळा तयार. एका माणसाच्या वजनानं कच्चा पट्टा मोडतो आणि वरची अख्खी लादी सुटते. असं हिमस्खलन बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर होतं. स्कीला सर्वांत मजा येते ते उतारही हेच. आणि त्यात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानंच सुरू केलेलं असतं.

चांगला गाइड धारेवर काय करतो ते पाहण्यासारखं असतं. वाऱ्याच्या आडोशाला, पण खालच्या उताराकडे तोंड असलेल्या जागी तो फावड्यानं कमरेएवढा खड्डा खणतो. भिंत सपाट करतो. हातमोजा काढून बोटं वरून खाली फिरवतो. कुठे मूठ शिरते, कुठे एकच बोट, कुठे पेन्सिलही शिरत नाही. मग करवतीनं 30 सेंटिमीटर लांब-रुंद खांब मोकळा करतो, त्यावर फावड्याचं पातं ठेवतो आणि मोजत चापट्या मारतो. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तेराव्या-चौदाव्या चापटीला खांबाचा वरचा भाग एखाद्या खणासारखा सरळ पुढे सरकला, तर तो काही न बोलता सामान आवरतो आणि सगळ्यांना गोंडोल्याखालच्या उताराकडे वळवतो. तीस हजार रुपये मोजून आलेला पाहुणा हिरमुसतो. अशा वेळी गाइडच्या पाठीशी उभं राहणं हे पाहुण्याचं कर्तव्य आहे.

या डोंगरावरच्या काही घटना तारखेनिशी लक्षात ठेवाव्यात अशा आहेत. 8 फेब्रुवारी 2010 रोजी वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षणावर असलेल्या तुकडीवर हिमस्खलन आलं आणि 17 जवान गेले. 1 फेब्रुवारी 2023 रोजी हापत खुदमध्ये पोलंडचे दोन स्कीपटू गेले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी कोंगडूरीजवळ एक रशियन स्कीपटू गेला. यांतले जवान बर्फात वावरण्याचंच शिक्षण घेत होते, आणि पाहुणे हौशी असले तरी स्की करणं त्यांना येत होतं. वळणं येणं आणि बर्फ वाचता येणं, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

साधनांबद्दलही एक गोष्ट. संदेश सोडणारा आणि पकडणारा ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून शोधायची लांब सळई म्हणजे प्रोब, आणि फावडं ही तीन साधनं प्रत्येकाच्या अंगावर हवीत. सगळे ट्रान्सीव्हर 457 किलोहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर चालतात, म्हणून कोणत्याही कंपनीचं कोणतंही यंत्र दुसऱ्याला शोधू शकतो. पण गाडलेल्याला पहिल्या 15 मिनिटांत काढलं तर तो बहुधा वाचतो, आणि अर्धा तास उलटला की वाचणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येतं. एवढ्या वेळात खालून कुणीही पोहोचत नाही. तुमचा बचाव तुमच्या बाजूचा मित्रच करणार. त्याला यंत्र वापरण्याचा सराव नसेल, तर तुमचं महागडं यंत्र फक्त तुमची जागा सांगत राहील.

हवामानानं हे सगळं अधिक नाजूक केलं आहे. जानेवारी 2024 चा बराच काळ गुलमर्गचं कुरण उघडं होतं. 2025 मध्ये खेलो इंडियाच्या फेब्रुवारीतल्या हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आल्प्समध्ये अशा वेळी तोफांनी बर्फ तयार करून पीस्ट चालू ठेवतात. मोकळ्या उताराला असा पर्याय नाही. पातळ बर्फाचे लांबलेले आठवडे आणि मग एकदम पडलेला जड बर्फ, हा क्रम कच्चा थर तयार करण्यासाठी अगदी अनुकूल. कमी बर्फाचं वर्ष म्हणजे कमी धोक्याचं वर्ष, हा समज म्हणून सोडून द्यावा.

महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात तरुण मुलं-मुली औलीला, गुलमर्गला स्कीच्या अभ्यासक्रमांना जातात. सह्याद्रीच्या घसाऱ्यावर तोल सांभाळायची सवय असल्यामुळे ती भराभर शिकतात. चौदा दिवसांत निळ्या वाटेवर मोकळेपणानं वळू लागतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या टप्प्याचं तिकीट काढतात. माझी प्रस्तावना खरं तर त्या मधल्या एका वर्षासाठी आहे. त्या वर्षात नव्या स्की घेऊ नका. ते पैसे हिमस्खलनाच्या एखाद्या चांगल्या प्रशिक्षणावर खर्च करा. गिर्यारोहण संस्थांना माझी विनंती आहे, की त्यांनी चार-सहा ट्रान्सीव्हर विकत घेऊन ठेवावेत आणि पुण्या-मुंबईच्या मैदानात, वाळूत पुरून का होईना, शोधण्याचा सराव करून घ्यावा. त्याला बर्फ लागत नाही.

आणि अफरवटला पोहोचाल तेव्हा आधी स्की पॅट्रोलचा त्या दिवसाचा फलक वाचा. दुसरा टप्पा किंवा मोकळ्या उताराकडे जाणारं एखादं फाटक बंद असेल, तर कोंगडूरीला उतरून खालच्या वाटेवर दिवसभर स्की करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.